हळद-मसाल्याच्या युनिटला आयएसओ: सहा हजारांचं की दीड लाखाचं?

प्रश्न थोडक्यात असा. कुपवाड एमआयडीसीत हळद दळण्याचं आणि पॅकिंगचं छोटं युनिट आहे, मालकासकट १४ माणसं. हळद पावडर, कांदा-लसूण मसाला आणि शेंगदाणा चटणी हे तीन माल. पुण्यातल्या एका साखळी दुकानाच्या खरेदी विभागाने नमुने पसंत केले, दर ठरला आणि शेवटी एका ओळीत कळवलं, ‘आयएसओ सर्टिफिकेट जोडा’. एक एजंट चार दिवसांत, सहा हजारांत सर्टिफिकेट देतो म्हणतो, युनिटमध्ये कुणी यायचीही गरज नाही म्हणतो. दुसऱ्या सल्लागाराने सहा महिने आणि दीड लाख सांगितले. कुठलं घ्यावं, आणि एवढ्या पैशात पदरात नक्की पडतं काय?

सातारा, सांगली, कोल्हापूर या पट्ट्यातल्या अन्नपदार्थांच्या युनिटांची ऑडिटं करण्यात माझी बरीच वर्षं गेली आहेत, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

सहा हजारांचं घेऊ नका. दीड लाखाचंही आज लगेच घेऊ नका. आधी पुण्याला फोन लावा. खरेदीवाल्याला नव्हे, त्यांच्या क्वालिटी विभागातल्या माणसाला. खरेदीवाल्याच्या फॉर्मवर एक चौकट असते आणि ती भरलेली दिसली की त्याचं काम भागतं. ‘आयएसओ’ म्हणजे नक्की कुठलं, हे पुष्कळदा त्यालाच माहीत नसतं. क्वालिटीवाल्याला विचारा: तुम्हाला ९००१ हवंय (गुणवत्तेचं सर्वसाधारण मानक), २२००० हवंय (अन्नसुरक्षेचं) की एफएसएससी २२००० (त्याच्या पुढची योजना)? कुणाची मान्यता असलेलं चालेल? आणि काम सुरू आहे असं पत्र दिलं, तुम्ही स्वतः येऊन युनिट बघून गेलात, तर पहिल्या ऑर्डरी सुरू होतील का? या शेवटच्या प्रश्नाला बरेच लोक ‘हो’ म्हणतात. मोठ्या दुकानांची स्वतःची तपासणीची यादी असते, आणि त्यांचा माणूस येऊन फरशी, चाळण आणि लायसन्स बघून गेला की सहा-आठ महिन्यांची सवड मिळू शकते. ही सवड तुम्हाला लागणारच आहे.

आता सहा हजारांच्या कागदाबद्दल. आयएसओ ही जिनिव्हाची संस्था, १९४७ पासून काम करते. ती मानकं लिहिते, सर्टिफिकेट कुणालाच देत नाही. सर्टिफिकेट देतात त्या वेगळ्या प्रमाणन संस्था. त्या संस्था नीट काम करतात की नाही हे बघणारं आणखी एक मंडळ वर असतं. आपल्याकडे क्वालिटी कौन्सिल ऑफ इंडियाचं एनएबीसीबी हे काम करतं, इंग्लंडमध्ये युकास करतं, आणि अशी देशोदेशीची मंडळं एकमेकांची मान्यता धरतात. तुमच्या काट्यावर वैधमापनवाल्यांचा, म्हणजे वजनं-मापं तपासणाऱ्या सरकारी खात्याचा, शिक्का नसेल तर वजन बरोबर असूनही गिऱ्हाईक मानत नाही, तसंच हे आहे. एजंटाच्या सर्टिफिकेटवर सोनेरी कडा असते, गोल शिक्के असतात, एखाद्या परदेशी वाटणाऱ्या ‘ॲक्रेडिटेशन बोर्डा’चं नावही असतं. पण ते बोर्ड या साखळीत कुठेच नसतं. कधीकधी बोर्ड आणि प्रमाणन संस्था एकाच खोलीत, एकाच माणसाच्या दोन टेबलांवर चालतात.

ओळखायचं कसं? एनएबीसीबीच्या संकेतस्थळावर मान्यताप्राप्त संस्थांची यादी आहे. तिथे नुसतं संस्थेचं नाव बघून थांबू नका. ती कुठल्या मानकासाठी आणि कुठल्या क्षेत्रासाठी मान्य आहे तेही बघा. ९००१ साठी मान्यता असलेली संस्था २२००० साठी मान्य असेलच असं नाही. तयार सर्टिफिकेट तपासायचं तर आयएएफ सर्टसर्च नावाची जागतिक यादी आहे, तिथे कंपनीचं नाव टाकून बघता येतं. तुम्ही जी यादी बघाल तीच पुण्याचा क्वालिटीवाला बघणार आहे. त्याला पाच मिनिटं लागतील, आणि मग सहा हजारांपेक्षा फार मोठं नुकसान होईल, कारण खोटा कागद लावणारा पुरवठादार म्हणून तुमचं नाव तिथल्या फायलीत बसेल.

दिवसांचा हिशोबही बघा. नुसत्या ९००१ साठी ११ ते १५ माणसांच्या युनिटला पहिल्या ऑडिटचे साधारण अडीच ऑडिट-दिवस आंतरराष्ट्रीय तक्त्यात धरलेले आहेत. काम सोपं असेल तर त्यातून काही कापता येतात, पण ३० टक्क्यांच्या वर नाही. अन्नसुरक्षेच्या मानकाला वेगळा तक्ता लागतो, त्यात मालाचा प्रकार आणि धोक्यांचे अभ्यास किती यावर वेळ ठरतो. म्हणजे ऑडिटर न येता मिळालेलं सर्टिफिकेट कुठल्याच नियमात बसत नाही.

दुसरीकडून दीड लाखाच्या कोटेशनचीही फोड करून मागा. त्यात सल्लागाराची फी किती, प्रमाणन संस्थेची किती, प्रयोगशाळेच्या चाचण्या किती, प्रशिक्षण किती, आणि दुसऱ्या-तिसऱ्या वर्षीच्या ऑडिटची फी धरली आहे की नाही? सर्टिफिकेट तीन वर्षांचं असतं, पण दरवर्षी एक सर्व्हेलन्स ऑडिट होतं. पहिलं तर सर्टिफिकेटचा निर्णय झाल्यापासून बारा महिन्यांच्या आत व्हावंच लागतं. ते चुकलं तर सर्टिफिकेट निलंबित होतं. बरेच जण पहिल्या वर्षाची फी भरून सर्टिफिकेट काचेत लावतात आणि दुसऱ्या वर्षी ईमेलला उत्तर देत नाहीत. भिंतीवरचा कागद तसाच राहतो, यादीतलं नाव मात्र गेलेलं असतं. आणि सल्ला देणारा नि सर्टिफिकेट देणारा एकच असेल तर तिथून उठा. प्रमाणन संस्थेला सल्ल्याचं काम करताच येत नाही, आणि तिच्याशी संबंध असलेल्या सल्लागाराने तुमची व्यवस्था बसवून दिली असेल तर निदान दोन वर्षं तिने तुम्हाला सर्टिफिकेट द्यायचं नाही, असा नियमच आहे. ‘सगळं आमच्याकडेच एका छताखाली’ ही जाहिरात वाचली की मी त्या छताखाली जात नाही.

कुठलं मानक? पुण्याहून वेगळं काही आलं नाही तर तुमच्यासाठी आयएसओ २२०००. ९००१ हे कुठल्याही धंद्याला लागू पडणारं गुणवत्तेचं मानक आहे, १९८७ पासूनचं. शेजारच्या गाळ्यातल्या मशीन शॉपवाल्याला ते घ्यावंच लागतं, कारण त्याची गिऱ्हाइकं त्याशिवाय पुढे बोलतच नाहीत. तुमच्या मालात खडा, शिसं, बुरशी निघायला नको, हा प्रश्न ९००१ थेट विचारत नाही. २२००० विचारतं. त्याची सध्याची आवृत्ती २०१८ ची आहे आणि पोटात एचएसीसीपी आहे, म्हणजे धोका कुठे येतो ते शोधून तिथेच अडवण्याची पद्धत. पुढेमागे मोठ्या बहुराष्ट्रीय कंपनीला किंवा युरोपात माल द्यायचा झाला तर एफएसएससी २२००० किंवा बीआरसी मागतील. जागतिक खरेदीदारांच्या मान्य यादीत त्या दोन योजना आहेत, नुसतं २२००० नाही. पण २२००० नीट बसवलेलं असेल तर एफएसएससीपर्यंतचा टप्पा फार लांब नाही. आत्ताच तिकडे उडी मारायचं कारण मला दिसत नाही.

ॲगमार्कचं विचाराल तर ती वेगळी चीज आहे. १९३७ च्या कायद्याखाली मालाची प्रत ठरवून त्यावर मारलेला तो शिक्का असतो, व्यवस्थेचं सर्टिफिकेट नव्हे. मसाल्यात अजूनही त्याला मान आहे. पाकिटबंद हळद विकायची तर ॲगमार्कचा विचार नंतर जरूर करा. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. पण त्यामुळे सांगलीत दळलेली प्रत्येक हळद ‘सांगली हळद’ होत नाही. नाव आणि चिन्ह वापरायचं तर अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी लागते, आणि माल त्या भागातलाच असावा लागतो. तुमच्या गोदामात निजामाबादची किंवा वसमतची पोती असतील, असणारच, तर ती त्या पाकिटात जाऊ देऊ नका. हे म्हणायला सोपं आहे. करायला काय लागतं ते खाली येतंय.

त्याआधी कायद्याचं झटपट उरकतो, कारण इथे कच्चं असेल तर ऑडिटर पहिल्याच तासात थांबतो. एफएसएसएआयचं (केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचं) लायसन्स युनिटच्या पत्त्यावर आहे की मार्केट यार्डातल्या दुकानाच्या, हे बघा. त्यात तिन्ही माल आहेत का? हळदीसाठी घेतलेल्या लायसन्सवर शेंगदाणा चटणी चालत नाही. उत्पादकाला दर सहा महिन्यांनी मान्य प्रयोगशाळेतून चाचणी करून घ्यावी लागते, ते अहवाल लावून ठेवा. काट्याची दरवर्षीची पडताळणी, पाकिटावरचं वजन-किंमत-तारीख, पॅकर म्हणून वैधमापन विभागाकडची नोंदणी. माणसांच्या वैद्यकीय तपासण्या. पाण्याचा अहवाल. एवढं झालं की पुढे.

आता मुख्य गोष्ट. माझं मत सरळ सांगतो: २२००० मध्ये पानं भरपूर आहेत, पण तुमच्यासारख्या युनिटची व्यवस्था खरी की कागदी, हे एकाच ठिकाणी कळतं. पाकीट हातात धरून मागे जाता येतं का? दुकानातून आणलेल्या २०० ग्रॅमच्या पाकिटावरचा बॅच नंबर वाचून, ही हळद कुठल्या दिवशी, कुठल्या अडत्याकडून, कुठल्या पोत्यांतून आली हे तुम्ही दोन तासांत सांगू शकलात, तर बाकीच्या उणिवा भरून काढता येतात. हे जमत नसेल तर बाकीच्या फायली कितीही जाड असल्या तरी माझा भरवसा बसत नाही.

गंमत अशी की सांगलीच्या बाजारात माग काढायची सोय पिढ्यान्‌पिढ्या आहे. सौद्यात माल घेतला की अडत्याचं बिल येतं. त्यावर तारीख, पोती, वजन, दर असतो, आणि कुठल्या शेतकऱ्याची किती पोती हे त्याच्या वहीत असतं. हरिपूरच्या पेवांत, म्हणजे जमिनीतल्या कोठारांत, हळद ठेवायचे तेव्हासुद्धा कुठल्या पेवात कुणाचा माल हे चोख लिहिलेलं असे, नाहीतर व्यवहारच झाला नसता. २००५ च्या पुरात त्यातली पुष्कळ पेवं गेली आणि माल कोल्ड स्टोरेजला, गोदामांना जायला लागला, तरी हिशोबाची पद्धत तीच राहिली. म्हणजे तुमच्या फाटकापर्यंत माल माग घेऊनच येतो. तो तुटतो तुमच्या गोदामात. नवी पोती गेल्या आठवड्याच्या थप्पीला लागतात, आणि हॉपरपाशी, म्हणजे दळणयंत्रात माल ओततात त्या तोंडापाशी, उभा असलेला माणूस हाताला लागेल ते पोतं फोडतो.

उपाय अगदी साधा आहे आणि त्याला सॉफ्टवेअर लागत नाही. प्रत्येक आवकेला एक लॉट नंबर द्या: तारीख, अडत्याची खूण, त्या दिवसाचा क्रमांक. प्रत्येक लॉटची थप्पी वेगळी, मध्ये माणूस आडवा जाईल एवढी फट, खाली पॅलेट, थप्पीवर पुठ्ठ्याची पाटी. हॉपरपाशी एक कार्ड टांगा. कुठला लॉट किती वाजता सुरू केला, किती पोती फोडली, कधी संपला. राजापुरी आणि सेलम या हळदीच्या जाती मिसळत असाल तर जरूर मिसळा, सगळेच मिसळतात, फक्त कार्डावर दोन्ही लॉट आणि प्रमाण यायला हवं. पाकिटावर छापला जाणारा बॅच नंबर त्याच कार्डावर चढला की साखळी पुरी झाली. कार्ड दळणाऱ्या माणसानेच भरायचं. ऑफिसातल्या मुलाने संध्याकाळी सगळी कार्डं एका हाताने, एकाच पेनने भरली की ऑडिटरला ती लांबूनच ओळखू येतात. हळदीचं पिवळं बोट उमटलेलं कार्ड मला जास्त आवडतं.

मग हिशोब जुळवून बघा. समजा ४० पोती, पन्नास किलोची, म्हणजे २,००० किलो हळकुंड एका बॅचला लागलं. खडे, काड्या, ओल, धूळ मिळून ३ टक्के घट धरली तर ६० किलो गेले, पावडर उरली १,९४० किलो. त्याची २०० ग्रॅमची पाकिटं होतात ९,७००. आता विक्रीची बिलं बघा. त्या बॅचची १०,१५० पाकिटं विकलेली दिसली तर ती झाली २,०३० किलो. हळकुंडापेक्षा पावडर जास्त होत नसते. म्हणजे कुठला तरी दुसरा माल त्याच बॅच नंबरखाली भरला गेलाय. बहुतेक वेळा त्यात लबाडी नसते. बॅच संपली, छपाईच्या यंत्रावरचा नंबर बदलायचा राहिला, एवढंच झालेलं असतं. पण उद्या त्या बॅचमध्ये काही निघालं तर नेमका कुठला माल परत बोलवायचा हे तुम्हाला सांगता येणार नाही आणि सगळाच बोलवावा लागेल. माल परत बोलावण्याची लेखी योजना ठेवणं २०१७ च्या नियमांप्रमाणे तसंही बंधनकारक आहे. सहा महिन्यांतून एकदा खोटी-खोटी तालीम घ्या. एखादं पाकीट उचला, घड्याळ लावा, माग काढा, किलो जुळवा, किती वेळ लागला ते लिहा. पहिल्यांदा फजिती होते. ती फजितीही लिहून ठेवा, ऑडिटरला लपवू नका. न जुळलेल्या तालमीनंतर काय बदललं हे दाखवणारा कागद, पहिल्याच फटक्यात सगळं जुळल्याचं सांगणाऱ्या कागदापेक्षा कितीतरी बोलका असतो.

धोक्यांच्या अभ्यासात सल्लागार तुम्हाला ऐंशी पानं देईल. त्यातली बरीचशी दुसऱ्या कुठल्यातरी युनिटची असतील. एका मसाल्याच्या युनिटच्या फायलीत मी दूध पाश्चराइझ करण्याचं तापमान वाचलं आहे. तुमच्याकडचे खरे धोके मोजके आहेत.

पहिला लोखंडाचा. पल्व्हरायझरचे, म्हणजे दळणयंत्राचे, हातोडे झिजतात, चाळण फाटते, तार पावडरमध्ये जाते. दळण्याआधी आणि नंतर चुंबक, आणि पॅकिंगनंतर मेटल डिटेक्टर. डिटेक्टर नुसता चालू असून भागत नाही. लोखंड, बिगरलोखंडी धातू आणि स्टेनलेस स्टील अशा तीन चाचणीपट्ट्या ठरलेल्या वेळाने त्यातून सोडायच्या, यंत्र तिन्ही वेळा थांबलं पाहिजे, आणि तशी नोंद हवी. समजा सकाळी ११ वाजता पट्टी पकडली आणि १२ वाजता स्टीलची पट्टी निसटली. मग ११ ते १२ मधली सगळी पाकिटं बाजूला काढून, यंत्र दुरुस्त करून, पुन्हा त्यातून सोडायची. ‘मग काय करता?’ हा प्रश्न ऑडिटर तुम्हाला विचारणार नाही, यंत्रावर उभ्या असलेल्या बाईंना विचारेल. त्यांना उत्तर येत असेल तर त्या मुद्द्यावर तो पुढे फारसा खोदत नाही. चाळणही रोज सुरू करण्याआधी आणि बंद केल्यावर उजेडाला धरून बघायची. फाटलेली सापडली तर तार कुठे गेली हे आधी शोधायचं, चाळण नंतर बदलायची.

दुसरा शिशाचा आणि रंगाचा. हळकुंडाला पॉलिश करताना झळाळी यावी म्हणून रंग चढवण्याचा प्रकार देशात ठिकठिकाणी सापडला आहे, आणि त्यातलं लेड क्रोमेट म्हणजे सरळ विष. आपल्या मानकाप्रमाणे हळदीत लेड क्रोमेटची चाचणी नकारात्मकच यावी लागते. शिशाची मर्यादा आपल्याकडे हळदीला किलोमागे १० मिलिग्रॅम आहे. युरोपीय संघात मुळं-कंदांच्या मसाल्यांना ती १.५ आहे. म्हणजे इथे पास झालेला माल तिथे सपशेल नापास होऊ शकतो. पॉलिश तुम्ही बाहेरून करून घेत असाल तर तो माणूस तुमच्या व्यवस्थेचा भाग आहे: त्याच्याकडून लेखी हमी घ्या, वर्षातून निदान एकदा जाऊन त्याचा ड्रम बघा, आणि आवकेतले काही लॉट एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारं मंडळ) मान्य प्रयोगशाळेत शिशासाठी पाठवा. कुठले पाठवायचे हे ठरवताना माझा नियम असा की जी हळद बाजारभावाच्या मानाने नको इतकी सुंदर दिसते ती आधी.

पावडरीची बाकी मानकं तुम्हाला ठाऊक असतील: ओल १० टक्क्यांच्या आत, एकूण राख ९ च्या आत, आम्लात न विरघळणारी राख दीड टक्क्याच्या आत. या शेवटच्या आकड्याकडे लोक बघत नाहीत. तो वाढला म्हणजे मालात माती-वाळू आहे, आणि तुमची साफसफाईची जाळी काम करत नाही. ओलीसाठी छोटा मीटर युनिटमध्येच ठेवा. जून-जुलैत आलेलं प्रत्येक पोतं मोजून घ्या.

तिसरा धोका तुमच्याकडे सगळ्यात मोठा आहे, आणि प्रश्नात तो धोका म्हणून आलेलाच नाही: शेंगदाणा. चटणी आणि मसाला एकाच यंत्रावर कुटत असाल तर मसाल्यात शेंगदाण्याचा अंश जाणार. ज्यांना शेंगदाण्याची ॲलर्जी आहे त्यांच्या जिवावर बेतू शकतं, आणि आपल्या लेबलच्या नियमांतही शेंगदाणा ॲलर्जीच्या यादीत आहे. जमलं तर चटणीला वेगळं यंत्र. नाही जमलं तर क्रम पाळा: आठवड्यात आधी हळद, मग मसाला, शेवटी चटणी, त्यानंतर यंत्र खोलून पूर्ण सफाई, आणि मसाल्याच्या पाकिटावर शेंगदाण्याचा इशारा. शिवाय हळद-मसाला फोडणीत, रश्श्यात शिजतो. चटणी तशीच ताटात वाढली जाते. म्हणून चटणीच्या खोलीत हात धुणं, टोपी, उंदीर-पालीचा बंदोबस्त हे सगळं एक पायरी वर हवं. शेंगदाणा भाजण्याचं तापमान आणि वेळ लिहा, आणि बुरशी लागलेला, काळा पडलेला दाणा निवडून काढायला माणूस ठेवा. अफ्लाटॉक्सिन, म्हणजे बुरशीचं विष, भाजून जात नाही.

आता सल्लागार ठेवावा का? तुमच्या आकाराला, घरात लिहिणारं-वाचणारं एक माणूस असेल, आणि बहुतेक घरांत मुलगी किंवा सूनबाई बीएस्सी, फूड टेक्नॉलॉजी झालेली असतेच, तर पूर्ण कंत्राट देऊ नका. तिला २२००० च्या अंतर्गत ऑडिटरचं प्रशिक्षण द्या, आणि सल्लागाराला महिन्यातून एक दिवस बोलवा. कागद तुमच्या भाषेत असू द्या. सूचना मराठीत लिहिल्या तर चालतात. जे माणसांना वाचता येत नाही ते लावून काय उपयोग? सहा महिने हा अंदाज मला वाजवी वाटतो. त्यातले पहिले दोन-तीन फरशी, जाळ्या, थप्प्या, कार्डं यांत जातील, पुढचे तीन नोंदी साचायला. नंतर स्वतःचं अंतर्गत ऑडिट, मालकाची आढावा बैठक, आणि मग प्रमाणन संस्थेचे दोन टप्पे. पहिल्यात कागद आणि तयारी बघतात, दुसऱ्यात प्रत्यक्ष काम. त्रुटी निघाल्या तर घाबरू नका. मूळ कारण लिहून, दुरुस्ती करून, पुरावा द्यायला वेळ मिळतो. एकही त्रुटी निघाली नाही असं ऑडिट ऐकलं की मला ऑडिटरचीच शंका येते.

पैशाचं म्हणाल तर केंद्राची लघुउद्योगांसाठी झेड (झिरो डिफेक्ट, झिरो इफेक्ट) सर्टिफिकेशन योजना आहे, २०२२ मध्ये सध्याच्या रूपात आली. ब्राँझ, सिल्व्हर, गोल्ड असे तीन स्तर, फी अनुक्रमे १०, ४० आणि ९० हजार, आणि त्यावर सूक्ष्म उद्योगाला ८०, लघुउद्योगाला ६०, मध्यमला ५० टक्के सूट असं योजनेत ठरलं. १ एप्रिल २०२५ पासून अडीच कोटींपर्यंत गुंतवणूक आणि दहा कोटींपर्यंत उलाढाल म्हणजे सूक्ष्म उद्योग, त्यामुळे तुम्ही बहुधा त्यातच बसता. उद्यम नोंदणी लागते. अर्ज करण्याआधी पोर्टलवर सध्याचे दर आणि मुदत बघा, आणि सांगलीच्या जिल्हा उद्योग केंद्रात आयएसओच्या खर्चाच्या परताव्याचंही विचारून या. ब्राँझ झेड म्हणजे २२००० नव्हे, पुण्याला ते चालणार नाही. पण स्वच्छता, सुरक्षितता, नोंदी यांची सवय लागायला ते बरं आहे आणि बँकेत दाखवायला कामाला येतं.

सर्टिफिकेट हातात आलं की दोन गोष्टी तपासा. व्याप्तीच्या ओळीत तिन्ही माल आणि ‘दळण व पॅकिंग’ असं स्पष्ट आहे का, आणि पत्ता गाळ्याचा आहे का. ‘ट्रेडिंग ऑफ स्पायसेस’ एवढीच व्याप्ती असलेलं, यार्डातल्या पेढीच्या पत्त्यावरचं सर्टिफिकेट घेऊन उत्पादनाची ऑर्डर मागणारे लोक मी पाहिले आहेत. आणि पाकिटावर ठसठशीत ‘आयएसओ सर्टिफाइड हळद’ छापू नका. सर्टिफिकेट तुमच्या व्यवस्थेला मिळतं, हळदीला नाही, आणि आयएसओचं बोधचिन्ह तर वापरताच येत नाही. काही मजकूर छापायचाच असेल तर काय आणि कुठे चालतं हे आधी प्रमाणन संस्थेला विचारा. छपाईला टाकण्याआधी तो मजकूर प्रमाणन संस्थेकडून तपासून घ्या. छापून आलेले रोल फेकायला लागले की वाईट वाटतं.

ऑडिटची तारीख ठरवताना एक लक्षात ठेवा. ऑडिटरला तिन्ही मालांचं काम चालू दिसलं पाहिजे, बंद यंत्रापुढे उभं राहून ऑडिट होत नाही. नवी हळद फेब्रुवारीपासून यार्डात यायला लागते, तेव्हा तुमची आवक, साफसफाई, दळण सगळं जोरात असतं, पण तुम्ही स्वतः सौद्यात अडकलेले असता. दिवाळीच्या आधीचा महिना तर कुणालाच सोसत नाही. जुलै-ऑगस्ट मला बरा वाटतो. ओलीचा बंदोबस्त खरा आहे की नाही तेही त्याच दिवसांत दिसतं. फक्त एवढं आधी बोलून ठेवा की कृष्णेचं पाणी चढायला लागलं आणि रस्ते बंद झाले तर तारीख पुढे ढकलायची, आणि ती कशी ढकलायची हे प्रमाणन संस्थेच्या करारात लिहून घ्या.